विमानाचे नाक उचलताना

ओझे मागच्या बाजूला जास्त रचले गेले, की बैलगाडी उलाळ होते; जू वर उचलले जाऊ लागते. मग गाडीवान दोन पोती पुढे सरकवतो आणि गाडी ठिकाणावर येते. चाकांचा आस हा टेकू आणि गाडी ही तरफ, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. हीच तरफ विमानाच्या हँगरमध्येही कामी येते. मात्र तेथे ती उलाळ झाली, तर नुकसान फार मोठे होते.

सेस्ना १७२ हे चार आसनांचे, एका इंजिनाचे अमेरिकन विमान १९५६ पासून विक्रीस आले. आजवर अशी चाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली असून भारतातील वैमानिक-प्रशिक्षण संस्थांतही ती वापरली जातात. या विमानाला तीन चाके असतात. दोन मुख्य चाके प्रवासीकक्षाखाली आणि एक नाकाखाली. नाकाखालच्या चाकाचा टायर बदलायचा असेल किंवा त्यावरची हवा-तेल भरलेली धक्काशोषक नळी दुरुस्त करायची असेल, तर नाक जमिनीपासून उचलावे लागते.

ते उचलायला किती बल लागेल? हिशेब सोपा व्हावा म्हणून ढोबळ आकडे घेऊ. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ६५० किलोग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या आसापुढे अर्धा मीटर आहे. मुख्य चाके हा टेकू मानला, तर नाक खाली दाबणारे आघूर्ण ६५० × ०.५ म्हणजे ३२५ किलोग्रॅम-मीटर झाले. नाकाचे चाक टेकूपासून सुमारे १.६५ मीटर पुढे असते. म्हणजे त्या चाकावर ३२५ ÷ १.६५, सुमारे १९७ किलोग्रॅम भार पडतो. इतका भार हातांनी उचलणे अवघड. पण शेपटी टेकूपासून सुमारे ४ मीटर मागे आहे असे धरले, तर तेथे ३२५ ÷ ४, म्हणजे सुमारे ८१ किलोग्रॅम बल पुरते. एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाइतकेच! म्हणून नाक वर उचलण्याऐवजी शेपटी खाली दाबतात.

येथे पहिली खबरदारी घ्यावी लागते. शेपटीला दोन्ही बाजूंना आडवे पंख असतात. हाताला सोयीचे म्हणून त्यांच्या टोकांवर जोर देण्याचा मोह होतो. पण हे पंख पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असतात. उड्डाणात त्यांच्यावर येणारा हवेचा दाब पृष्ठभागभर पसरलेला असतो. तळहाताचा दाब मात्र एकाच जागी पडतो आणि पत्रा चेपतो. म्हणून उत्पादकाची सूचना अशी, की आडव्या पंखांच्या लगत, धडाच्या आत जेथे आडवी चौकट आहे, नेमके तेथेच दाबावे. तेथे पत्र्याला आतून आधार असतो.

दुसरी गंमत नाक वर जाताना कळते. विमानाचा गुरुत्वमध्य चाकांच्या आसापेक्षा बराच उंच असतो. समजा, तो एक मीटर उंच आहे. नाक सात अंशांनी वर झाले, की हा बिंदू मागे झुकतो आणि टेकूपासूनचे त्याचे आडवे अंतर अर्ध्या मीटरवरून ३७-३८ सेंटिमीटरवर येते. आता शेपटीवर सुमारे ६० किलोग्रॅम बल पुरते. म्हणजे सुरुवातीला जितका जोर लावला, तितकाच लावत राहिलो तर शेपटी वेगाने खाली येते. नाकाचे चाक २० सेंटिमीटर वर गेले, की शेपटी जवळजवळ अर्धा मीटर खाली उतरते. तेवढी जागा खाली मोकळी आहे की नाही, हे आधीच मोजून ठेवावे लागते. शिवाय भार हलका होताच धक्काशोषक नळी लांबते, त्यामुळे नाक बरेच वर आले तरी चाक काही काळ जमिनीलाच टेकलेले राहते.

उचलणे झाले, आता नाक वर टिकवायचे कसे? माणसाने शेपटी दाबून धरली आणि दुसरा नाकाखाली शिरला, ही सर्वांत वाईट पद्धत. धरणाऱ्याला शिंक आली, कोणी हाक मारली, तर दोनशे किलोग्रॅमचा भार खाली येईल. म्हणून मुख्य चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात, शेपटीखालची कडी जमिनीत पक्क्या केलेल्या आकड्याला बांधतात किंवा तिला पुरेसे वजन अडकवतात आणि नाकाखाली घोडीचा भक्कम आधार देतात. नुसत्या जॅकवर विसंबत नाहीत, कारण तेलाची एक गळती त्याला खाली आणू शकते. वाऱ्याने पंख उचलले जाऊ नयेत म्हणून हे काम हँगरच्या आत करतात.

खरा धोका मात्र काम चालू असताना निर्माण होतो. समजा, इंजिनच उतरवायचे आहे. पंख्यासह त्याचे वजन १४० किलोग्रॅम आणि टेकूपासूनचे अंतर २ मीटर धरले, तर इंजिन निघताच २८० किलोग्रॅम-मीटर आघूर्ण नाहीसे होते. उरते फक्त ४५. आता शेपटीवर अकरा-बारा किलोग्रॅमचा जोर पडला तरी विमान उलाळ होईल. सामान ठेवण्याची जागा टेकूच्या एक मीटर मागे आहे असे मानू. साठ किलोग्रॅमचा कारागीर तेथे चढला तरी तेच होईल. आणि शेपटीला टांगलेले वजन काढायचे राहिले असेल, तर कोणी चढण्याचीही गरज नाही. म्हणून इंजिन सोडवण्यापूर्वी शेपटीच्या कडीखाली घोडी लावावी, अशी स्पष्ट सूचना दुरुस्ती-पुस्तिकेत असते. मघापर्यंत शेपटी वर येऊ नये याची काळजी होती. आता ती खाली जाऊ नये याची. एक भाग काढला, की समतोलाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हे वर्गात सहज दाखवता येईल. षटकोनी पेन्सिलीवर ३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध ठेवा. डावीकडे ३ सेंटिमीटरवर चार सारखी नाणी एकावर एक रचा. उजवीकडे १२ सेंटिमीटरवर तसेच एक नाणे ठेवा. पट्टी जवळजवळ समतोल होईल. आता विद्यार्थ्यांना विचारा : डावीकडचे एक नाणे काढले तर काय होईल? उत्तर मिळाल्यावर काढून दाखवा. मग उजव्या टोकाखाली खोडरबर ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा आणि खोडरबर नाणे काढण्यापूर्वीच का ठेवावा लागला, हे त्यांनाच सांगू द्या.

प्रत्यक्ष विमानाचे आकडे प्रत्येक नमुन्यागणिक वेगळे असतात. तेथे उत्पादकाची पुस्तिका आणि परवानाधारक अभियंता यांचाच शब्द अखेरचा. नियम मात्र बैलगाडीचाच आहे.