चार सेंटिमीटर पाण्याचा अर्थ

दिल्ली, हरियाणा, पंजाब आणि राजस्थान या प्रदेशांच्या भूजलाविषयीचा एक महत्त्वाचा शोधनिबंध ऑगस्ट २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील जलशास्त्रज्ञ मॅथ्यू रॉडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तेथील सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे दाखवून दिले. उजनी धरणाच्या एकूण साठवण क्षमतेच्या हे प्रमाण सुमारे ३३ पट भरते. या काळात पाऊस सरासरीच्या जवळपास होता. त्यामुळे या घटीचे मुख्य कारण अवर्षण नसून सिंचनासाठी होणारा बेसुमार उपसा हे होते.

हे मापन ‘ग्रेस’ या जुळ्या उपग्रहांनी केले. सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून हे उपग्रह एकामागोमाग एक पृथ्वीभोवती फिरत. खालच्या भूभागातील वस्तुमान बदलले की गुरुत्वाकर्षण किंचित बदलते आणि दोन उपग्रहांमधील अंतरातही सूक्ष्म फरक पडतो. त्यावरून एकूण जलसाठ्यातील मासिक बदल काढला जातो. त्यातून मातीतील ओलाव्याचा वाटा वजा केला की भूजलातील बदल समजतो.

आकडा वाचताना होणारी गफलत

या निबंधानुसार भूजलाची घट वर्षाला सरासरी ४ सेंटिमीटर होती. ‘विहिरीची पातळी केवळ चार सेंटिमीटर उतरली’ असा त्याचा अर्थ लावणे चुकीचे ठरते. ही केवळ पाण्याच्या थराची उंची आहे. भूजल खडकाच्या वा गाळाच्या पोकळ्यांत साठते. त्यातून उपशाद्वारे मिळू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण, म्हणजे विशिष्ट उत्पन्न, उत्तरेकडील गाळाच्या थरांत सुमारे १२ टक्के धरले, तर ४ सेंटिमीटर पाणी काढल्याने पातळी सुमारे ३३ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजेच तीन वर्षांत एक मीटर!

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. तेथे हे प्रमाण साधारणतः २ टक्के धरले, तर तेवढ्याच पाण्यासाठी पातळी २ मीटर उतरते. एक हेक्टर क्षेत्राला ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी देण्यास ५ लाख लिटर पाणी लागते. तेवढ्याच क्षेत्राखालील बेसॉल्टमधून ते उपसल्यास, परत झिरपणारे पाणी सोडता, पातळी अडीच मीटर खाली जाईल. पावसाळ्यात विहीर झपाट्याने भरते आणि उन्हाळ्याआधीच तळ गाठते, याचे एक प्रमुख कारण हेच आहे. काठोकाठ भरलेली विहीर म्हणजे विपुल साठा नव्हे.

उपग्रहापासून गावापर्यंत

काही लाख चौरस किलोमीटरचे चित्र उपग्रह दाखवतो. एखादा तालुका त्याला वेगळा दिसत नाही. गावपातळीवरील निर्णयासाठी विहिरीच हव्यात. पुण्यातील भूजलशास्त्रज्ञ डॉ. हिमांशू कुलकर्णी आणि १९९८ मध्ये स्थापन झालेली त्यांची ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था यांनी गावातील खडक, विहिरी आणि उपसा यांचा संबंध ग्रामस्थांना समजावून देण्यावर भर दिला. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही महाराष्ट्र व हरियाणासह सात राज्यांत गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाला मध्यवर्ती स्थान देण्यात आले.

केवळ कायद्यावर विसंबण्याच्या मर्यादाही उत्तरेत दिसल्या. पंजाब व हरियाणा यांनी २००९ मध्ये कायद्याने भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. उन्हाळी उपसा आवरण्याचा तो प्रयत्न होता. परंतु भातकापणी आणि गहूपेरणी यांतील अवधी कमी झाल्याने पेंढा जाळण्याकडील कल वाढला आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचू लागला.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात खोलगट, मध्यम आणि उंच भागांतील काही निरीक्षण विहिरी निश्चित कराव्यात. जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली ऑक्टोबर आणि मे महिन्यांत नोंदवावी. मापनापूर्वी काही तास पंप बंद असावा. ऑक्टोबरची नोंद ग्रामसभेत मांडून रब्बी क्षेत्र आणि पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. पेरणीपूर्वी झालेला हिशेबच पीक वाचवू शकतो.