फिरत्या घराची न्हाणी

मोटारीमागे जोडून न्यावयाचे 'ट्रॅव्हल ट्रेलर' हे चाकांवरचे घर अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे बाळगतात. त्यांतील लहान घरांत शौचकूप आणि स्नानाचा फवारा एकाच कोठडीत असतात. स्नान करताना सारी कोठडीच भिजते. अशी न्हाणी स्वतःच्या हाताने नवी करू पाहणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू, की शोभा मागाहून. आधी पाण्याची वाट शोधावी.

या घरांचा सांगाडा पुष्कळदा लाकडी असतो. सांध्यांतून झिरपलेले पाणी अस्तराआड दिसत नाही. लाकूड मात्र आतून कुजत जाते आणि एके दिवशी पायाखालची तक्तपोशी दबते. म्हणून जुने अस्तर उतरवावे, कुजके लाकूड बदलावे, उरलेले पुरते सुकू द्यावे.

नव्या अस्तरासाठी चिनी मातीच्या फरश्या आम्हांला योग्य वाटत नाहीत. त्या जड असतात. शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यांच्यामधील सिमेंटच्या दरजा फुटतात. त्यांऐवजी काचतंतुयुक्त प्लॅस्टिकचे अखंड तक्ते घ्यावेत, सांधे लवचीक लेपाने बुजवावेत, तळाला मोरीकडे उतार द्यावा आणि वाफेसाठी छतात झरोका ठेवावा. मात्र तक्ते चिकटविण्यापूर्वी नळांत पाणी सोडून प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहावा. तो कोरडा लागला, तरच भिंत बंद करावी.