खापर आमच्या माथी!

नाशकात 'मी जुनी भांडी जमवते' असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'तांब्याची की पितळेची?' त्यात त्याचं काही चुकत नाही. गावात भांडी बाजार आहे, तांबट लेन आहे. आजीच्या लग्नातली घंगाळं आणि बंब आता कॉलेज रोडच्या कॅफेंमध्ये पोटात मनीप्लाण्ट घेऊन उभे आहेत. मी 'मातीची' म्हटलं की दोन सेकंद शांतता. मग, 'म्हणजे... माठ?'

माठ तर आहेच. शिवाय रांजण, डेरा, घागर, मोगा, परळ, संक्रांतीची सुगडं, अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी पूजतात ती करा-केळी, पोळ्याचे मातीचे बैल आणि खापर. सोमवार ते शुक्रवार मी अंबडच्या एका कंपनीत एक्सेल शीटमधले आकडे जुळवते आणि शनिवार-रविवार मडकी शोधत फिरते. ऑफिसात माझ्या या संसाराला काय म्हणतात ते तुम्ही ओळखलं असेलच. बरोबर, 'गाडगी-मडकी'.

पण खरं सांगू? पंचविशी-तिशीतल्या नोकरदार माणसाला परवडणारा अ‍ॅण्टिकचा दुसरा प्रकार मला माहीत नाही. नाण्यांचा नाद लागला तर (आणि नाशकात तो लागू शकतो, अंजनेरीला नाणेशास्त्राची अख्खी संशोधन संस्था आहे) एका चांगल्या नाण्यासाठी पगाराचा आकडा डोळ्यांपुढे येतो. कोरीव खांब, जुनी झुंबरं यांचं तर नावच नको. मडक्याला मात्र बाजारभावच नाही. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मी 40 रुपयांना घेतलेला मोगा माझ्या शेल्फवरच्या सगळ्यात देखण्या वस्तूंपैकी एक आहे. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

भाव नाही, ही या छंदाची मजा आहे आणि गोचीही तीच. ज्याला भाव नाही ते कुणी जपत नाही. जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरतायत. वाडा पाडणारा ठेकेदार आधी सागवान मोजतो, मग पितळ, मग लोखंड. माळ्यावरची उतरंड, म्हणजे मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान अशी रचलेली धान्या-डाळींची चळत, ती थेट डबरात. एका वाड्याच्या दारात मी मजुराला म्हटलं, 'दादा, ती वरची दोन द्या ना.' तो म्हणाला, 'ताई, सगळी न्या, मला खाली उतरवायचा त्रास वाचेल.' सातातली चार शाबूत निघाली. त्यांतल्या एका मडक्याच्या तळाशी अजून तुरीचे दाणे होते.

पायाखालची उतरंड

खरी उतरंड पाहायची तर गोदाकाठी जुन्या नाशकात जा. 1950-51 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथली 'मातीची गढी' खणली. त्याच मोहिमेत संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे गावातही उत्खनन झालं. दोन्हींचा एकत्रित अहवाल 1955 मध्ये आला आणि जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'जोर्वे' हे नाव कायमचं जाऊन बसलं. कशामुळे? मडक्यांमुळे! तीन हजार वर्षांपूर्वीची, चाकावर घडवलेली, नारिंगी-लाल रंगाची भांडी. अंगावर काळ्या रंगातल्या तिरप्या रेघा, चौकटी, जाळ्या. कुशीला तोटी असलेलं त्यांचं पाण्याचं भांडं आणि मध्येच कोन घेऊन वळणारा वाडगा आजच्या कुठल्याही डिझाइन स्टोअरच्या काचेमागे खपून जाईल. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो.

पुढे 1968 ते 1983 या काळात घोड नदीच्या काठी इनामगावला मोठं उत्खनन झालं, तेव्हा या लोकांचं घरदारच समोर आलं. त्यांची गोल-चौकोनी घरं, त्यांची मडकी भाजायची भट्टी, आणि एक गोष्ट जी वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दगावलेल्या तान्ह्या बाळाला ते दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नाही, घरात.

हे वाचल्यापासून आईचा राग मला जरा वेगळा वाटायला लागला. तिचा माझ्या कलेक्शनवर पहिल्या दिवसापासून आक्षेप आहे. 'रिकामी मडकी घरात मांडून ठेवू नयेत.' कारण ती सांगत नाही, पण आपल्या सगळ्यांना ते माहीत असतं. शेवटच्या प्रवासात पुढे चालणाऱ्याच्या हातात मडकंच असतं. पण नवरात्रात घट बसतो तोही मातीचाच, आणि संक्रांतीला हळदीकुंकू लावून ओवशाला देतो ते सुगडही. आईशी माझी तडजोड झालीय. प्रत्येक मडक्यात मूठभर तांदूळ. रिकामं कुणीच नाही!

आता एक कडक सूचना. गढीवर, नदीकाठच्या टेकाडावर, नांगरलेल्या शेतात रंगीत खापरं दिसतात आणि हात शिवशिवतात. उचलू नका. संरक्षित जागेवरून काही नेणं हा गुन्हा आहे, आणि तसंही ते खापर कुठल्या थरात होतं हे हरवलं की त्याची बडबड बंद होते, मग तो नुसता विटेचा तुकडा. 1972 च्या कायद्यानुसार 100 वर्षांपूर्वीची कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते. ती विकायला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. कुणी 'मॅडम, सातवाहन काळातलं आहे' म्हणून कानात कुजबुजला तर दोनच शक्यता. एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर खरं बोलतोय. दोन्हीत आपण पाकीट खिशातच ठेवायचं.

ही हौस भागवायची तर तेरला जावं, धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून निघणारी मातीची चित्रं, भांडी, मणी आयुष्यभर गोळा केले. तेव्हा हा कायदा नव्हता. पण महत्त्वाचं हे की त्यांनी ते गावातच ठेवलं, आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तिथे उभं आहे. पुण्याचं केळकर म्युझियम तर तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलंच असेल. दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा, आणि जमवलं काय तर दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. पुन्हा एकदा जा. या वेळी सरांनी लावलेल्या रांगेतून धावू नका.

कच्चं की पक्कं?

तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर ठोकत निघाले आणि नामदेवांना 'कच्चं मडकं' म्हणाले, ती गोष्ट. माझी टेस्ट अजूनही तीच आहे. मडकं एका हाताच्या तळव्यावर घ्या (काठाला धरून उचलू नका, जुना काठ हातात येतो) आणि बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजलं तर अंग शाबूत. भद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, दिसो वा न दिसो.

मग आत हात घाला. मोठी भांडी कुंभार पूर्णपणे चाकावर करत नाही. चाकावर जाड बुड आणि गळा काढतो, आणि मग आतून गोल गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत पोट फुगवतो. त्यामुळे जुन्या घागरीच्या आत बोटांना लहान लहान खळगे लागतात. साच्यातून काढलेल्या भांड्यात आत सगळं गुळगुळीत असतं आणि बाहेर उभी शिवण सापडते. तिसरी खूण म्हणजे वापर. चुलीवरच्या भांड्याचं बुड काजळीने काळं झालेलं असतं आणि ती काजळी नखाने निघत नाही. पाण्याच्या भांड्यावर क्षारांची पांढरी पुटं असतात. 'अ‍ॅण्टिक लूक'साठी चहाचं पाणी चोपडलेलं मडकं ओल्या फडक्याने पुसलं की फडकं रंगतं. एवढी सोपी परीक्षा आहे, पण दुकानदारासमोर करायला धीर लागतो.

घरी आणल्यावर पांढरी पुटं घासू नका. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठ-दहा दिवसांत क्षार उतरतात. लग्नाच्या मांडवातलं चुन्याने रंगवलेलं मडकं मात्र पाण्याला दाखवायचंही नाही. गोल बुडाची भांडी टाइल्सवर गडगडतात, म्हणून खाली चुंबळ. मी जुन्या ओढण्यांच्या करते.

कुंभारवाड्यात मी सुरुवातीला 'जुनं काही आहे का?' असं विचारत फिरायचे. एका काकांनी शांतपणे उत्तर दिलं, 'ताई, जुनं असतं तर आम्ही ते विकलं नसतं का? आमचं फुटतं म्हणून तर आमचं चालतं.' त्यांच्या घरात चाक आता विजेवर फिरतं. उन्हाळ्यात तोटी लावलेले माठ गुजरात-राजस्थानातून ट्रकने येतात, तेच लोक मागतात. गणपतीच्या मूर्ती, दिवाळीच्या पणत्या, पोळ्याचे बैल यांवर वर्ष निघतं. रांजण करता येणारे ते घरात शेवटचे. मुलगा? 'तो तुमच्यासारखा, कंपनीत.' मी दर वर्षी त्यांच्याकडून करा-केळीची एक जोडी घेते आणि बुडाला पेन्सिलीने साल लिहून ठेवते. अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी ती 'जुनी' म्हणून हातात घेईल.

आणि आता ते खापर. सटाण्याच्या बाजूला एका गावात मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. मागच्या अंगणात चुलीवर मांडे चालले होते. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. पुरणाने भरलेला उंडा हातांवर खेळवत खेळवत बाई एवढा मोठा करते की तो कोपरापर्यंत येतो, आणि मग अलगद खापरावर सोडते. त्या मावशी लग्नाच्या सीझनमध्ये गावोगाव मांड्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचं खापर शाळेच्या फळ्यासारखं काळंभोर झालं होतं, आणि तेलकट नसतानाही चमकत होतं. मी जेवणही विसरले.

'मावशी, हे विकाल? दोन हजार देते.' नव्या खापराच्या कितीतरी पट रक्कम होती ती.

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या मोबाइलकडे पाहिलं. 'तू मांडे करशील त्याच्यावर?'

'नाही. घरात ठेवीन. भिंतीला.'

'भिंतीला!' त्या एवढ्या हसल्या की बाजूच्या दोघी काय झालं म्हणून बघायला आल्या. 'नाही माय. नव्या खापराला मांडा चिकटतो. याला हाताला यायला चार सीझन गेले. तुझ्या दोन हजारांत माझे चार सीझन येतात का?'

मी दोन हजारांचे तीन केले नाहीत. पुढच्या बॅचचा मांडा त्यांनी थेट माझ्या ताटात टाकला, आणि निघताना माझा नंबर नातवाच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला. खापराला तडा गेला की कळवतील. तडा गेलेलं चालेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवशी मात्र मी येताना नवं खापर घेऊन यायचं, कुंभारवाड्यातलं, नीट वाजवून पाहिलेलं. नातवाने माझा नंबर 'भिंतवाली ताई' या नावाने सेव्ह केलाय.