शनवार तेल्यांचा थांबलेला घाणा

आज्ञापालन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साहेब, परिपत्रक आणि हजेरीपट उभा राहतो. आज्ञा देणारा समोर असेतो ती पाळावयाची, त्याची पाठ वळताच सैल सोडावयाची, हा कचेरीतला व शाळेतला नित्याचा अनुभव. या दृष्टीने कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाचा इतिहास मननीय आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. पुढे कित्येक पिढ्या धर्मग्रंथांवाचून गेल्या. तेल गाळणे हा त्यांचा धंदा झाला. हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, हे शनिवारी. म्हणून लोकांनीच त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आठव्या दिवशी सुंता, खवले व पर नसलेला मासा वर्ज्य, आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर त्यांनी धर्म जपला. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले ते १७९६ साली.

हिब्रू शास्त्रात दहा आज्ञा दोनदा येतात. ‘निर्गम’ ग्रंथात शब्बाथाचे कारण सृष्टिकर्त्याची सातव्या दिवसाची विश्रांती हे आहे. ‘अनुवाद’ ग्रंथात कारण निराळे आहे: मिसर देशात तुम्हीही दास होता, याचे स्मरण ठेवा. म्हणूनच विसावा एकट्या धन्याला नाही; दास, दासी, परदेशी, बैल, गाढव या सर्वांना आहे. आज्ञा धन्याला, हक्क मात्र गड्याला! आणि शब्बाथ केव्हा संपतो व खोट्या मापाने धान्य केव्हा विकतो, अशी घाई झालेल्या व्यापाऱ्यांवर आमोस या संदेष्ट्याने कठोर प्रहार केला आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकास हे परके वाटू नये. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवावयाचे नाही, हा नियम कोणा अधिकाऱ्याने घातलेला नाही, तरी शेतकरी तो मानतो. पोळा वर्षातून एकदा येतो, शब्बाथ दर आठवड्यास, एवढाच भेद.

कारखान्यातील कामगारास १९४८ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी दिली. परंतु आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे काय? उपाहारगृहात कपबशा विसळणाऱ्या पोराचे काय? तेथे तपासनीस येत नाही. घाणा थांबला की दिवसाची कमाई बुडते, हे शनवार तेल्यालाही ठाऊक होते. त्याने ती बुडू दिली. आज्ञापालनाची खरी कसोटी हीच होय.