घरच्या घरी सिनेमाचा पडदा

जत्रेतला तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गंमत आठवत असेल. कित्येक तंबूंत पडदा मधोमध लावीत आणि माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना बसत. मागे बसणाऱ्यांनाही चित्र दिसे, फक्त अक्षरे उलटी दिसत. पडद्याचे कापड विरळ असल्यामुळे बराचसा प्रकाश पलीकडे जाई, म्हणून हे जमे.

आता लहान प्रोजेक्टर खेड्यातल्या घरांतही येऊ लागले आहेत. मुलगा हौसेने आणतो, जेवणे आटोपल्यावर भिंतीवर नाहीतर जुन्या धोतरावर चित्र पाडले जाते. चित्र फिके आणि सुरकुतलेले दिसते. चार दिवसांनी यंत्र माळ्यावर जाते आणि घरातली माणसे पुन्हा आपापला मोबाईल घेऊन चार कोपऱ्यांत बसतात. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, पडद्याचा असतो. आपल्याला एकाच बाजूला बसायचे आहे, तेव्हा प्रकाश पलीकडे जाऊ न देणारा, ताठ पडदा हवा. तो घरी एका दुपारी तयार होतो.

माप : मोठ्या पडद्याचा मोह धरू नये. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढ्याच प्रकाशात चित्र चौथाई उजेडाचे दिसते. लहान यंत्राला ६४ इंच रुंद व ३६ इंच उंच चित्र पुरे. यंत्र भिंतीसमोर सरळ ठेवून आधी तेवढे चित्र पाडून पाहावे, खडूने खुणा कराव्यात आणि मगच लाकूड कापावे.

चौकट : २ इंच रुंद, १ इंच जाड अशा वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या घ्याव्यात. ओले लाकूड पुढे पीळ खाते. ६८ इंचांच्या २ आडव्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये बसणाऱ्या ३६ इंचांच्या ३ उभ्या पट्ट्या लागतात. एकूण सुमारे २१ फूट लाकूड झाले. तिसरी उभी पट्टी मधोमध लावावी, नाहीतर कापड ताणताना आडव्या पट्ट्या आत वाकतात. ती कापडाला टेकणार नाही इतकी मागे सरकवून बसवावी. चौकट गुण्यात आहे की नाही, हे सुतळीने पाहावे. दोन्ही कर्ण सारखे भरले की समजावे, काम सरळ झाले.

कापड : एकेरी खाटेची जाड, पांढरी, बिनशिवणीची चादर चालते. ती उन्हात धरून पाहावी. पलीकडचा हात दिसला तर मागे त्याच कापडाचा दुसरा थर द्यावा. चकाकणारा फ्लेक्स वापरू नये, त्यावर मधोमध दिव्याचा डाग दिसतो. चादर धुऊन, इस्त्री करून घ्यावी आणि चौकटीपेक्षा चारी बाजूंनी ४ इंच जास्त ठेवून कापावी.

ताणणे : सुरकुती पडते ती इथेच. कोपऱ्यापासून सुरुवात करू नये. आधी वरच्या पट्टीच्या मध्यावर मागून एक बारीक खिळा मारावा, मग समोर खालच्या पट्टीच्या मध्यावर, मग डाव्या-उजव्या बाजूंना. असेच आलटून पालटून, ओढून धरीत, कोपऱ्यांकडे जावे. कोपरे अगदी शेवटी दुमडावेत. या कामाला दोन माणसे हवीत.

शेवटी पुढून चारी बाजूंना २ इंच रुंद काळ्या कापडाची पट्टी चिकटवावी. चित्राची बाहेर सांडलेली कड ती गिळते आणि डोळ्यांना चित्र अधिक उठावदार दिसते.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी पडद्याची खालची कड जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर ठेवावी. खोलीतले दिवे मालवावेत. यंत्राच्या भिंगात मुलांना डोकावू देऊ नये, तो झोत डोळ्यांना अपायकारक असतो. यंत्राची हवेची भोके कपड्याने झाकू नयेत. काम झाल्यावर पडद्यावर जुनी चादर टाकावी, म्हणजे चुलीचा धूर आणि धूळ बसणार नाही.

पडदा तयार झाला की पहिल्या रात्री शेजाऱ्यांनाही बोलवावे. चटया अंथरून, मोबाईल बाजूला ठेवून, सगळ्यांनी मिळून एकच चित्र पाहावे. म्हातारीलाही ते मागच्या ओळीतून स्पष्ट दिसेल.