अर्ज करावा, पण नीट करावा!

मैत्रिणींनो, आळीतल्या गटाराचं पाणी दारात येतं तेव्हा आपण काय करतो? नाक मुरडतो, बादलीभर फिनेलचं पाणी ओततो नि नगरपालिकेला नावं ठेवतो. पण नावं ठेवून गटार बांधलं जात नाही. त्याला अर्जच लागतो.

गटार, दिवाबत्ती, नळ ही कामं मुळात नगरपालिकेची. तिचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणून दिवाळीच्या सुमारासच नगरसेवकाकडे नि मुख्याधिकाऱ्यांकडे मागणी द्या. मार्चअखेरीस जाल, तर अंदाजपत्रक ठरून गेलेलं असतं!

पालिकेकडे पैसा नसला, तर दुसरं दार आहे खासदार निधीचं. ही योजना १९९३ साली सुरू झाली. आज प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. मात्र खासदार फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हा प्रशासनाची. काम टिकाऊ नि सगळ्यांच्या उपयोगाचं हवं. खाजगी अंगणात किंवा देवळात फरशी बसवायला हा पैसा मिळत नाही.

अर्जात एकच काम लिहा. कुठून कुठवर, किती घरांना त्रास, जागा कुणाची, हे स्पष्ट हवं. खाली घरटी एक सही, आणि ती आपली असू द्या, नुसती 'ह्यांची' नको! दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस.

महिन्याचा हिशेब चोख ठेवणारीला हे जड का जावं?