उणे साठ मोठे की उणे वीस?

भीमा श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत पुढे उजनी जलाशयात जाते, त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी इथल्या नदीकाठाला परकी नसते. ती वाचताना बहुतेकांचा पहिला समज असा होतो की उणे म्हणजे धरण कोरडे. वस्तुस्थिती वेगळी आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, तर त्याखालचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी आहे. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची; तिच्यातले शून्य म्हणजे मृतसाठ्याची वरची पातळी. धरणाचा तळ नव्हे. जून २०२४ मध्ये साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचला, तेव्हाही जलाशयात सुमारे साडेएकतीस टीएमसी पाणी होते. याच हिशेबाने धरण पूर्ण कोरडे पडले, तर आकडा उणे १०० नव्हे, उणे ११९ च्या आसपास जाईल. शून्य कुठे धरायचे हे आपण ठरवतो. ऋण संख्या त्या शून्याच्या खालची जागा दाखवते.

दुसरा गैरसमज तुलनेचा. साठ वीसपेक्षा मोठे, म्हणून उणे ६० हे उणे २० पेक्षा मोठे, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. पाणी मोजले की उत्तर समोर येते: उणे २० टक्क्यांना सुमारे ५३ टीएमसी, उणे ६० ला साडेएकतीस. म्हणजे उणे ६० लहान. यावर आक्षेप येईल की साठ हजारांचे कर्ज वीस हजारांच्या कर्जापेक्षा मोठेच असते. बरोबर आहे, पण तिथे आपण कर्जाचा आकार मोजतो, माणसाची आर्थिक स्थिती नव्हे. हा आकार म्हणजे केवलमूल्य, शून्यापासूनचे अंतर. उणे ६० आणि अधिक ६० या दोन्हींचे केवलमूल्य ६० च आहे. पण एकाला धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी असते, दुसऱ्याला जवळपास शहाण्णव. म्हणून केवलमूल्यावरून लहान-मोठे ठरवता येत नाही. दोन्ही संख्या ऋण असतील, तर जिचे केवलमूल्य जास्त ती लहान. आणि कोणतीही धन संख्या कोणत्याही ऋण संख्येपेक्षा मोठी.

मग केवलमूल्य हवे कशाला, चिन्ह पुसून टाकणे एवढेच तर ते आहे, असेही कोणी म्हणेल. पण अंतर मोजायचे झाले की त्याच्यावाचून चालत नाही. साठा उणे ६० वरून अधिक २० वर आला, तर वाढ ४० टक्क्यांची नव्हे, ८० टक्क्यांची झाली; म्हणजे जवळपास ४३ टीएमसी. चिन्हे पुसून वजाबाकी करणारा इथे निम्म्याने चुकतो. आधी फरक काढायचा, मग त्याचे केवलमूल्य घ्यायचे, हा क्रम महत्त्वाचा. अक्षरे आली की ‘चिन्ह पुसा’ हा नियम पूर्णच कोसळतो: क्ष ऋण असेल तर त्याचे केवलमूल्य ‘उणे क्ष’ असते आणि ती संख्या धन असते.

धन आणि ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच मांडले होते. ते पाठ करून घेण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना प्रत्येक आकड्यापुढे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला शिकवावे: ही संख्या शून्याच्या कोणत्या बाजूला आहे, आणि किती दूर आहे? लहान-मोठे ठरवायला दोन्ही उत्तरे लागतात; केवलमूल्य फक्त दुसऱ्याचे उत्तर देते.